चार पाकळ्यांचा क्रूस : डोंगरावरील मोहरीच्या नातलगांची ओळख

पौष महिना लागला की ग्वाल्हेरहून मुरैना-भिंडकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांस शेते पिवळीधमक होतात. सकाळच्या धुक्यातून ऊन वर आले म्हणजे जणू जमिनीनेच हळद लावून घेतली आहे असा भास होतो. ती शेते मोहरीची. हे फूल आम्ही बालपणापासून इतके पाहिले आहे, आणि त्याचे काळेसावळे दाणे घरच्या फोडणीत इतके तडतडताना ऐकले आहेत, की मोहरीविषयी आपणांस काही शिकावयाचे उरले असेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. हा आमचा अहंकार एका लहानशा वाळक्या फुलाने उतरविला. ती हकिकत, आणि तिच्या निमित्ताने आम्हांस जे कळले ते, आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा एक कॉलेजात शिकणारा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत गढवालच्या डोंगरांत जाऊन आला. बद्रीनाथच्या पलीकडे, माणा गावाच्या वर, मित्रांबरोबर तो खडकाळ उतारांवरून चार दिवस हिंडला होता. परत आल्यावर संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि त्याने आपली वही उघडून आमच्यापुढे धरली. पानांच्या मध्ये दाबून ठेवलेला पिवळ्या फुलांचा एक इवलासा तुरा होता.

"काका, हे कसले फूल हो? बर्फाच्या अगदी कडेला, दगडांच्या फटीत उगवले होते. आसपास दुसरे काहीच नव्हते."

आम्ही चष्मा लावून पाहिले. पाकळ्या चार, रंग पिवळा. क्षणाचाही विलंब न लावता आम्ही निकाल दिला, "अरे, ही तर रानमोहरी!" मुलगा संतुष्ट झाला. त्याच्या आईने एका कागदावर सुवाच्य अक्षरांत 'रानमोहरी, हिमालय' असे लिहून तो कागद फुलाखाली चिकटविला, आणि ती वही पाहुण्यांना दाखविण्याच्या वस्तूंत जाऊन बसली.

पुढे महिन्याभराने वनस्पतिशास्त्राचे एक वृद्ध, निवृत्त प्राध्यापक आमच्याकडे जेवावयास आले. मुलाने मोठ्या उत्साहाने वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी खिशातून लहानसे भिंग काढले, खिडकीपाशी जाऊन बराच वेळ फूल न्याहाळले, आणि मग शांतपणे विचारले, "बाळ, याची शेंग कोठे आहे?"

"शेंग नव्हती आणली, सर."

"पाने?"

"पाने जमिनीला चिकटून होती. मी वरचा तुराच खुडला."

"किती उंचीवर सापडले? माती होती की नुसती खडी?"

मुलगा गप्प राहिला. प्राध्यापकांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "मग तू फूल आणलेस खरे, पण झाडाची ओळख तेथेच ठेवून आलास. हे मोहरीच्या कुलातले आहे एवढे मी सांगू शकतो. त्यापुढे एक अक्षर सांगितले तर ते खोटे ठरेल." नंतर आमच्याकडे वळून त्यांनी हसत विचारले, "आणि 'रानमोहरी' हे नाव कोणी दिले?"

आम्ही ताटाकडे पाहू लागलो हे सांगणे नलगे.

कुलाची खूण

त्या रात्री जेवण लांबले, कारण प्राध्यापकांनी स्वयंपाकघरातूनच धडा आरंभिला. आमच्या घरातील टोपलीत कोबी होता, मुळा होता, नवलकोल होता. डब्यात मोहरी होती, आणि बाळंतिणीसाठी लाडू करतात तो अळीवही होता. "ही सगळी एकाच घरची मंडळी," ते म्हणाले. रूपाने पाहता कोबीचा गड्डा आणि अळिवाचा दाणा यांत काय साम्य? परंतु ही झाडे फुलू दिली, तर सर्वांची फुले एकाच साच्यातली निघतात. फूल हाच कुलाचा दाखला होय.

त्या साच्यात बाहेर चार हिरवट दले असतात. त्यांच्या आत चार पाकळ्या, समोरासमोर दोन-दोन अशा, क्रूसाच्या आकाराने पसरलेल्या असतात. याच कारणाने या कुलास क्रुसिफेरी, म्हणजे 'क्रूस धारण करणारी', असे लॅटिन नाव पडले. फ्रेंच शास्त्रज्ञ झुस्यू याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात ते योजिले होते. आज या कुलास ब्रासिकेसी असेही म्हणतात. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोन्ही नावे ग्राह्य आहेत. शुभवर्तमानातील मोहरीच्या दाण्याचा दाखला लहानपणापासून ऐकत आलेल्या आपणां वाचकांस हे दुसरे नाते ठाऊक असण्याचा संभव कमी. आम्हांस तरी ते ठाऊक नव्हते.

परंतु, प्राध्यापकांनी बजाविले, केवळ चार पाकळ्यांवर भरवसा ठेवणारा मनुष्य फसतो. पावसाळ्यात आपल्या अंगणात उगवणारी पिवळी तिळवण घ्या. तिलाही चार पिवळ्या पाकळ्या आणि लांब शेंग असते, वासही उग्र असतो. तरीही ती या कुलातली नव्हे. हिमालयातील नद्यांच्या वाळवंटात चार जांभळ्या पाकळ्यांची एपिलोबियम नावाची झाडे दिसतात, तीही नव्हेत. डोंगरावरील निळ्या खसखशीच्या फुलासही पुष्कळदा चारच पाकळ्या असतात. भेद कळतो तो आतील केसर मोजल्यावर. निळ्या खसखशीचे केसर मोजता मोजत नाहीत इतके असतात, एपिलोबियमचे आठ, पिवळ्या तिळवणीचे दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक. मोहरीच्या कुलात मात्र केसर सहा, आणि त्यांतही चार उंच व दोन बुटके. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस याने अठराव्या शतकात वनस्पतींची वर्गवारी केली, तेव्हा केसरांच्या या 'चार बलवानां'वरूनच त्याने एक स्वतंत्र वर्ग योजिला होता.

तिसरी खूण वासाची. मोहरीचा अख्खा दाणा हुंगून पाहा, फारसा वास येत नाही. तोच दाताखाली चिरडला की नाकापर्यंत झणका जातो. याचे कारण असे की, झणका आणणारे द्रव्य दाण्यात तयार नसतेच. त्याची दोन साधने पेशींत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असतात, आणि चिरडल्याबरोबर ती एकत्र येऊन ते द्रव्य निर्माण होते. झाडाची ही कीटकांविरुद्ध केलेली तजवीज आहे. आपल्या लोणच्याला चव येते ती या लढाईच्या दारूगोळ्यामुळे! रानातले झाड ओळखताना पान बोटांनी चुरगाळून हुंगावे. अनोळखी झाड चाखून मात्र कधीही पाहू नये.

शेंगेची आणि केसांची साक्ष

कुल ठरले म्हणजे काम संपले नाही. खरे काम तेथून सुरू होते. या कुलात जगभर सुमारे चार हजार जाती आहेत, आणि त्यांची फुले इतकी सारखी की जणू एकाच कारखान्यात काढलेली. अशा वेळी शेंग पाहावी लागते. म्हणूनच प्राध्यापकांनी प्रथम शेंगेची चौकशी केली होती.

मोहरीची पिकलेली शेंग घेऊन पाहावे. तिच्या दोन्ही बाजूंच्या झडपा खालून सुटत वर उचलल्या जातात आणि गळून पडतात. मागे एक चौकट राहते, आणि तीत कागदासारखा पातळ पडदा ताणलेला असतो. दाणे त्या चौकटीच्या कडेस लटकलेले असतात. वाटाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या शेंगेत असा पडदा नसतो. या फळास आपले शास्त्रज्ञ 'सार्षप' म्हणतात; सर्षप म्हणजे मोहरी. काही जातींत सार्षप दाभणासारखे लांब असते, काहींत ते आखूड, नाण्यासारखे वाटोळे किंवा त्रिकोणी असते. एका जातीचे फळ मेंढपाळाच्या कमरेच्या थैलीसारखे दिसते, आणि युरोपात तिला त्याच अर्थाचे नाव आहे. पुन्हा हे फळ चपटे असेल तर ते कोणत्या दिशेने चपटे आहे, पडद्याला समांतर की पडद्याला आडवे, यावरूनही वंश निराळे होतात.

त्याहून सूक्ष्म गोष्ट दाण्याच्या पोटात आहे. ती पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही. मोहरीचे दाणे रात्रभर पाण्यात भिजवावेत आणि सकाळी नखाने साल काढावी. आत दोन पिवळी इवली दले घडी घालून बसलेली दिसतील, आणि त्या घडीच्या कुशीत कोवळे मूळ निजलेले असेल. हा बिछाना सर्व नातलगांत सारखा नसतो. काही वंशांत दले सपाट असून मूळ त्यांच्या कडेला टेकते, तर काहींत ते पाठीवर टेकते. दोन-तीन मिलिमीटरांच्या दाण्यात लपलेली ही मांडणी पाहून जुन्या शास्त्रज्ञांनी झाडांची घराणी ठरविली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरातील मुलांनी वाटीभर मोहरी भिजवून ठेवली, आणि फोडणीस दाणा उरला नाही, हे ओघानेच आले.

डोंगरावरच्या झाडांच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे अंगावरची लव. उंचावर वारा झोंबतो, ऊन जाळते आणि रात्री पाणी गोठते. तेथील पुष्कळ झाडे जमिनीला बिलगून, पाने दाट गुंफून राहतात, आणि त्या पानांवर बारीक केस असतात. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिले तर कोणाचे केस सरळ सुईसारखे, कोणाचे टोकाशी दुभंगलेले, आणि कोणाचे चांदणीसारखे अनेक किरणांचे दिसतात. ड्राबा नावाचा एक वंश आहे. हिमालय, आल्प्स, रॉकी आणि अँडीज या सर्व पर्वतांवर तो पसरलेला आहे, आणि त्याच्या चारशेच्या सुमारास जाती आहेत. बोटभर उंचीची, पांढरी वा पिवळी फुले येणारी ही रोपे साध्या डोळ्यांस जुळी भावंडे वाटतात. पानांवरील केस सुटे की चांदणीचे, आणि फळावर लव आहे की नाही, एवढ्यावर कित्येकदा जात ठरते. आमच्या शेजाऱ्याच्या मुलाने पाने डोंगरावरच ठेवली होती. जी कागदपत्रे तपासावयाची तीच हरविली होती!

आपल्या सह्याद्रीत या कुलातील रानटी जाती फारच थोड्या आहेत, कारण या मंडळींना थंडी मानवते. म्हणून त्यांची खरी ओळख करून घ्यावयाची तर उत्तरेकडे आणि वर चढावे लागते. किती वर? याचे उत्तर देताना प्राध्यापकांनी आम्हांस एक कथा सांगितली, ती आम्ही विसरू शकत नाही.

कामेतवरचे रोप

गढवालमध्ये कामेत नावाचे ७,७५६ मीटर उंचीचे शिखर आहे. १९३१ साली फ्रँक स्माइद यांच्या तुकडीने ते प्रथम सर केले. त्या तुकडीत होल्ड्सवर्थ नावाचे एक शिक्षक होते. वनस्पती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. परतताना ही मंडळी भ्यूंदरच्या खोऱ्यात उतरली, आणि तेथील फुलांचा समुद्र पाहून थक्क झाली. हीच पुढे 'फुलांची दरी' म्हणून जगप्रसिद्ध झाली, आणि १९८२ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९३९ साली याच दरीत फुले गोळा करावयास आलेल्या जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाई उतारावरून घसरून मृत्यू पावल्या. त्यांची कबर आजही तेथे फुलांमध्ये आहे.

होल्ड्सवर्थ पुढे डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिक्षक झाले. त्याच शाळेत शिकलेले नरेंद्रधर जयाल सैन्यात अधिकारी झाले, आणि दार्जिलिंगच्या हिमालय पर्वतारोहण संस्थेचे पहिले प्राचार्य म्हणून १९५४ साली नेमले गेले. १९५५ साली त्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने कामेत पुन्हा सर केले. या चढाईत सुमारे ६,४०० मीटरांवर, म्हणजे एकवीस हजार फुटांवर, जयाल यांना दोन फुलझाडे आढळली. श्वास घेणे कठीण आणि पाऊल उचलणे त्याहून कठीण अशा ठिकाणी त्यांनी ती पाहिली, त्यांची दखल घेतली, हे विशेष. त्यांतील एक रोप मोहरीच्या कुलातले, एर्मानिया हिमालयेन्सिस हे होते. दुसरे रॅननक्युलस वंशातले. जगात सर्वांत उंचीवर सापडलेली फुलझाडे म्हणून गिनेस नोंदपुस्तकाने ती अनेक वर्षे छापली. जयाल मात्र १९५८ साली चो ओयू शिखराच्या मोहिमेत उंचीच्या विकाराने ऐन तारुण्यात वारले.

हे रोप पाहावयास अगदी साधे आहे. दगडगोट्यांच्या सरकत्या उतारावर ते वाढते. उंची टीचभराच्या आत, पाने दातेरी आणि लवदार, फुले जांभळट, मध्यभागी पिवळसर छटेची, आणि शेंगा चपट्या. कोणी वाटसरू त्याकडे पाहिल्यावाचून पुढे जाईल.

एक रोप, अनेक आडनावे

या रोपाचे शास्त्रीय नाव प्रथम ज्याच्या संग्रहावरून पडले, त्या मनुष्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. विक्तोर झाकमाँ हा फ्रेंच तरुण १८२९ साली हिंदुस्थानात आला आणि हिमालयात फिरून त्याने वनस्पतींचा मोठा संग्रह केला. पुढे दक्षिणेकडे येऊन पुण्यावरून तो मुंबईस पोहोचला, आणि यकृताच्या विकाराने ७ डिसेंबर १८३२ रोजी तेथेच मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्याने वाळवून, कागदांत घालून ठेवलेली झाडे पॅरिसला गेली. तेथे काँबेसेद या शास्त्रज्ञाने ती तपासली, आणि झाकमाँच्या प्रवासाच्या ग्रंथात आपल्या या रोपास 'कायरँथस हिमालयेन्सिस' असे नाव दिले. ज्याने ते खुडले तो ते नाव छापलेले पाहावयास जिवंत नव्हता.

पुढे जर्मन शास्त्रज्ञ शुल्झ यांनी ते एर्मानिया वंशात घातले. १९५५ साली, म्हणजे ज्या वर्षी जयाल कामेतवर होते त्याच वर्षी, जाफरी यांनी ते क्रिस्टोलिया वंशात नेले. १९७२ साली त्याला ओरिओब्लास्टस म्हटले गेले. इराकमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील मिसूरी वनस्पती उद्यानात आयुष्य वेचलेले इहसान अल-शहबाज हे या कुलाचे जगन्मान्य जाणकार; त्यांनी २००० साली ते डेसिडेरियात घातले. २००८ साली पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून, स्वतः अल-शहबाज यांच्याच सहभागाने, ते सोल्म्स-लौबाकिया या वंशात गेले.

"मग शास्त्रज्ञांना स्वतःलाच ठरविता येत नाही की काय?" असा प्रश्न आमच्याप्रमाणे वाचकांच्याही मनात येईल. प्राध्यापकांचे उत्तर असे की, फेरफार झाला तो आडनावाचा. रोपाचे स्वतःचे नाव 'हिमालयेन्सिस' हे पहिल्या दिवसापासून तसेच राहिले. बाप्तिस्म्याचे नाव माणसाबरोबर जन्मभर राहते, तसे. आडनाव बदलावे लागले याचे कारण या कुलाच्या स्वभावात आहे. कडक थंडीत आणि वाऱ्यात राहणाऱ्या, एकमेकांशी दूरचाच संबंध असलेल्या रोपांनाही सारखेच रूप येते. बुटके अंग, दाट पाने, लव, चपटी शेंग ही उंचीवर जगण्याची गरज असते. तेवढ्यावरून ती सख्खी भावंडे ठरत नाहीत. जुन्या शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी दिसणाऱ्या रूपावरून नाती जुळविली. त्यांतली पुष्कळ बरोबर निघाली, काही चुकली. पेशींतील आनुवंशिक लेख वाचता येऊ लागला तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. परंतु ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, दुरुस्ती करता आली ती जुने नमुने जपून ठेवले होते म्हणूनच. वाळलेले रोप, त्याचे फळ, पाने, आणि सोबत स्थळ, उंची व तारीख यांची चिठ्ठी, एवढे असेल तर पिढ्यान्पिढ्यांनंतरही चूक सुधारता येते. चिठ्ठी नसेल तर ते गवत आहे.

चुकीच्या नावाने काय बिघडते?

आमच्या मनात तरीही एक शंका होतीच. डोंगरावरच्या एका इवल्या रोपास कोणी रानमोहरी म्हटले, तर कोणाचे काय बिघडते? ही शंका आम्ही बोलून दाखविली तेव्हा प्राध्यापक गंभीर झाले.

लडाखमध्ये चेक शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून उंचावरील झाडांचा अभ्यास केला. तेथे ६,१५० मीटर उंचीवर सहा जातींची झाडे जगत असल्याचे त्यांनी दाखविले, आणि त्यांच्या मुळांपर्यंत तपासणी करून २०१६ साली तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या सहांपैकी तीन जाती मोहरीच्या कुलातल्या आहेत: ड्राबाच्या दोन, आणि लडाखिएला नावाच्या वंशातली एक. या नावांतही एक हृद्य कथा आहे. लडाखमध्ये पायी हिंडून झाडे गोळा करणारे चेक शास्त्रज्ञ लेओश क्लिमेश यांचे नाव अल-शहबाज यांनी २००२ साली एका जातीस दिले; तीच आजची लडाखिएला क्लिमेसी. क्लिमेश यांनी जेर्मन या सहकाऱ्यासह २००८ साली एका नव्या ड्राबास अल-शहबाज यांचे नाव देऊन त्या स्नेहाची परतफेड केली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, क्लिमेश लडाखच्या डोंगरांत एकटे गेले आणि परत आले नाहीत. त्या दोन मित्रांच्या नावांची दोन रोपे मात्र त्याच उंचीवर शेजारी शेजारी उभी आहेत.

आता हवामान तापत चालले आहे. खालची झाडे वर सरकू लागली तर वरच्यांनी जावे कोठे? शिखराच्या वर केवळ आकाश असते. झाडे खरोखरच वर सरकत आहेत काय, हे जाणण्यास एकच मार्ग आहे. पूर्वी कोणती जात किती उंचीवर होती आणि आज ती कोठे आहे, याची तुलना करणे. अशा वेळी जुन्या चिठ्ठीवर चुकीचे नाव असेल, तर दोन निराळ्या जातींची तुलना होईल आणि निष्कर्ष खोटा निघेल. एखादी दुर्मिळ जात नाहीशी होत असता ती 'रानमोहरी' या सरसकट नावाखाली विपुल आहे असे आपण समजून बसू. आजाऱ्याचे नाव चुकले तर औषध दुसऱ्यालाच जाते.

"आणि म्हणूनच," ते म्हणाले, "ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' असे लिहिणे हे शास्त्रातले पहिले पथ्य आहे. तुमच्या वहीतल्या फुलाचे मला दुःख नाही. त्याखालच्या चिठ्ठीचे आहे."

पुन्हा तोच डोंगर

त्या रात्री मुलाने आपल्या आईच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी हलकेच काढली आणि दुसरी लिहिली: 'मोहरीचे कुल. माणा गावाच्या वर. उंची नोंदविली नाही. पाने व फळ नाही. जात अज्ञात.' आम्हांस वाटले, मुलगा हिरमुसला असेल. परंतु तसे झाले नाही.

पुढील वर्षी तो पुन्हा त्याच डोंगरावर गेला, यावेळी पावसाळ्याच्या अखेरीस, शेंगा धरण्याच्या दिवसांत. प्राध्यापकांनी आपले जुने भिंग त्याला दिले होते आणि एक अट घातली होती, रोप उपटावयाचे नाही. राष्ट्रीय उद्यानात तर पान तोडण्यासही कायद्याने बंदी आहे. परंतु उद्यानाबाहेरही बोटभर रोपाची मुळे अनेक वर्षांची असू शकतात, आणि आपल्या कुतूहलासाठी त्याचा जीव घेण्याचा अधिकार आपणांस नाही. खरोखर नमुना हवा असेल तर तो परवानगी घेऊन, जाणकाराने, जेथे रोपे भरपूर आहेत तेथूनच घ्यावा, आणि तो घरच्या वहीत न ठेवता डेहराडून, पुणे किंवा कोलकाता येथील वनस्पतिसंग्रहात द्यावा. तेथे तो सर्वांच्या उपयोगी पडतो.

मुलाने आपल्या फोनने छायाचित्रे काढली. संपूर्ण रोप, शेजारी एक रुपयाचे नाणे. फूल समोरून आणि बाजूने. शेंग दोन्ही अंगांनी. आणि पानाचे, भिंग फोनपुढे धरून काढलेले, एक चित्र. वहीत उंची, उताराची दिशा, जमिनीचा प्रकार आणि तारीख लिहिली. ग्वाल्हेरला येताच तो प्रथम आमच्याकडे आला, आणि आम्ही त्याला घेऊन प्राध्यापकांकडे गेलो.

त्यांनी चित्रे मोठी करून पाहिली. आखूड, लांबट-वाटोळी शेंग. पडद्याला समांतर चपटी. आणि पानावर, होय, चांदण्या! लहान लहान, अनेक किरणांच्या पांढऱ्या चांदण्या पानभर विखुरलेल्या होत्या. "ड्राबा," ते म्हणाले. "वंश नक्की झाला. जात सांगण्यास दाणा आणि दांड्याची लव नीट दिसावयास हवी, ती येथे दिसत नाही. तेव्हा येथेच थांबू."

"म्हणजे अजूनही नाव अपुरेच, सर?" मुलाने विचारले.

"अपुरे आहे, पण खरे आहे. गेल्या वर्षी तुझ्याकडे पूर्ण नाव होते, ते खोटे होते."

आज त्या घरी पाहुण्यांपुढे जी वही येते तिच्यात ते वाळके फूल पहिल्या पानावर आहे आणि छायाचित्रे दुसऱ्या पानावर. दोहोंखालील चिठ्ठ्यांत 'जात अज्ञात' हेच शब्द आहेत. मुलाची आई आता ते शब्द अभिमानाने वाचून दाखविते. आणि आम्ही? गेल्या पौषात भिंडच्या वाटेवर गाडी थांबवून आम्ही शेताच्या बांधावर उतरलो, मोहरीचे एक फूल हाती घेतले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याचे केसर मोजले. चार उंच, दोन बुटके. बरोबर सहा होते.